ट्रेलरच्या विंचला दोर कोणता लावावा? पहिली बोट घेतलेल्यांसाठी

पहिल्या उन्हाळ्यात मी आईला फोनवर म्हणालो, "हाताला विंच लागला." पलीकडे क्षणभर शांतता. मग घाबरा आवाज, "विंचू? अमेरिकेत?"

बोट पाण्यातून ट्रेलरवर ओढून घ्यायला ट्रेलरच्या पुढच्या खांबावर एक छोटा रहाट असतो, त्याला विंच म्हणतात, हे तिला समजावून सांगितलं. विंचवरच्या पोलादी दोराची एक तुटकी तार माझ्या तळव्यात घुसली होती. दुखणं विंचवाचंच होतं म्हणा ना.

बोट जुनी, सतरा फुटी, अॅल्युमिनियमची. डेट्रॉईटच्या पूर्वेला असलेल्या लेक सेंट क्लेअरवर मासे मारायला घेतलेली. घेताना इंजिन सुरू करून ऐकलं, तळ ठोकून पाहिला, ट्रेलरचे टायर दाबून पाहिले. विंचवर काय गुंडाळलंय याकडे मात्र ढुंकूनही बघितलं नाही. आमच्या मंडळातले तिघेजण नंतर बोटीच्या नादाला लागले, त्यांनीही बघितलं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. सगळे आकडे मिशिगनमधल्या लहान बोटी आणि हाताने फिरवायच्या विंचला धरून आहेत. तुमची बोट तेवीस-चोवीस फुटांची असेल तर हिशेब तोच, आकडे तुमचे घाला.

बोटीचं खरं वजन काढा

विंचवर दोराच्या जागी विणलेला पट्टाही लावतात, पण दुकानात जाऊन "सतरा फुटी बोटीसाठी पट्टा द्या" म्हणू नका. दोराला बोटीची लांबी कळत नाही, वजन कळतं. आणि माहितीपत्रकातलं वजन बहुतेकदा नुसत्या सांगाड्याचं असतं.

माझ्या बोटीचं उदाहरण घेऊ. सांगाडा साधारण ४५० किलो. ९० अश्वशक्तीचं इंजिन १६५ किलोच्या आसपास. टाकीत ६५-७० लिटर पेट्रोल म्हणजे ५० किलो. तीन बॅटऱ्या ७५ किलो. नांगर, लाइफ जॅकेट, गळ, बर्फाची पेटी आणि बायको ज्याला "तुझा संसार" म्हणते ते सगळं मिळून ६० किलो. झाले ८०० किलो. कागदावर साडेचारशेची असलेली बोट विंचच्या दारात आठशेची होऊन येते.

आता ओढ काढा

८०० किलोची बोट ओढायला ८०० किलोचा जोर लागत नाही. दोन गोष्टी मोजायच्या: उताराचा चढ आणि घर्षण.

बोट उतरवायचे सार्वजनिक रॅम्प इथे साधारण १२ ते १५ टक्के उताराचे बांधतात, म्हणजे शंभर फुटांमागे बारा ते पंधरा फूट चढ. पंधरा टक्के धरले तर चढासाठी वजनाचा ०.१५ भाग. घर्षण तुमच्या ट्रेलरवर अवलंबून. बोट रबरी रोलरवर बसत असेल तर घर्षण किरकोळ, ०.०५ धरा. गालिचा गुंडाळलेल्या लाकडी फळ्यांवर बसत असेल तर ०.३ धरायला हरकत नाही. म्हणजे रोलरवर साधारण १६० किलो, फळ्यांवर ३६०. बोटीचा मागचा भाग पाण्यात तरंगत असला तर प्रत्यक्षात याहून कमी लागतं, पण सरोवराची पातळी उतरलेली असते, ट्रेलर हवा तितका आत जात नाही, शेवटचे दोन हात बोट कोरड्या गालिच्यावरून घासत येते, अशा दिवसाचा हिशेब धरून दोर घ्यायचा.

फळ्यांच्या ट्रेलरला ओढ निम्म्या वजनाच्या जवळ गेली. धक्के, लाटा आणि तिरकी आलेली बोट यांच्यासाठी वर थोडं जास्तीचं धरलं की पाऊण वजन होतं. ८०० किलोच्या बोटीला ६०० किलो. बाजारात १,५०० पौंडी विंच मिळतो, म्हणजे ६८० किलो. तो बरोबर बसतो.

दोराची ताकद मी विंचच्या क्षमतेच्या तिप्पट धरतो. पट्ट्यांच्या लेबलावर दोन आकडे असतात: तुटण्याचा भार आणि वापरण्याचा भार. दुसरा आकडा बहुतेकदा पहिल्याचा तिसरा हिस्सा असतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो तुटण्याचा. १,५०० पौंडी विंचला किमान ४,५०० पौंड, म्हणजे साधारण २,००० किलो तुटण्याचा भार असलेला दोर हवा. ज्या पट्ट्यावर एकही आकडा छापलेला नाही तो कितीही जाडजूड दिसला तरी घेऊ नका.

तिप्पट कशाला, असं माझ्या इंजिनिअर मित्राने विचारलं होतं. त्याला मी आजोळच्या होड्या आठवायला सांगितल्या. आमच्या अलिबागकडे मासेमारीची बंदी १ जूनला लागते ती ३१ जुलैपर्यंत, आणि त्याच्या आधी होड्या वाळूवर चढवून ठेवायच्या असतात. खाली ओंडके, वीस-पंचवीस माणसं आणि मनगटाएवढा जाड दोर. होडी अडली की सगळ्यांच्या हातांना ते एकदम कळायचं, दोर कुरकुरायचा, कुणीतरी "थांब, थांब" म्हणून ओरडायचं. विंचमध्ये ते कळत नाही. माझ्या विंचचं हँडल २३ सेंटिमीटरचं, दातेरी चाकांचं प्रमाण चारास एक, दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या ड्रमची, तो रिकामा असताना, त्रिज्या दोन सेंटिमीटर. घर्षण सोडलं तर हँडलवर दहा किलोचा जोर दिला की दोरावर ४६० किलोचा ताण येतो. दहा किलो म्हणजे एका हाताने उचललेली गव्हाची पिशवी. बोट ट्रेलरच्या आडव्या दांड्यात अडकलेली असली तरी हाताला पत्ता लागत नाही, तुम्ही गप्पा मारत फिरवत राहता आणि तिकडे दोराचा जीव चाललेला असतो.

पर्याय

काथ्या, सुती दोर, दुकानातला पिवळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर, गाडीच्या टपावर सामान बांधायचा पट्टा: यातलं काहीही नको. पिवळा दोर तरंगतो म्हणून मोह होतो, पण उन्हात तो दोन-तीन मोसमांत भुसभुशीत होतो. नायलॉनचा दोर मजबूत असतो, पण ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला तर तितक्याच जोराने परत येतो, शिवाय ओला झाला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. बोट बांधायला तो उत्तम, ओढायला नाही.

उरले तीन.

पोलादी दोर, म्हणजे वायर. जुन्या ट्रेलरवर बहुधा हाच सापडेल. नेहमीचा प्रकार जस्त चढवलेला, सात लडींचा आणि प्रत्येक लडीत एकोणीस तारा असलेला. ३/१६ इंच जाडीचा असला तर तुटण्याचा भार ४,२०० पौंडांच्या, म्हणजे १,९०० किलोंच्या आसपास. स्वस्त आहे. उन्हाची, धारदार कडांची त्याला पर्वा नाही. पण सात गुणिले एकोणीस म्हणजे १३३ तारा, आणि त्यातली कुठलीही तुटून बाहेर आली की ती नांगी. एकदा चुरगळला, मुडपला की त्या जागी कायमचा वाकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्याने केली त्याने वायर पाहिली नसणार, पण वर्णन तिचंच आहे. गंज आतून धरतो, बाहेरून दोर चकचकीत दिसतो आणि गाभ्यात लाल भुकटी असते. आणि तुटला तर कुठे फटकारेल सांगता येत नाही. लहान बोटीच्या हातविंचसाठी नव्याने पोलादी दोर घ्यायला मला एकही कारण दिसत नाही. जुना बसवलेला असेल आणि या मोसमात बदलणं शक्य नसेल, तर चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय त्याला शिवू नका. बोट सांभाळायच्या नादात बोटं जायला नकोत.

दुसरा, पॉलिएस्टरचा पट्टा. दोन इंच रुंद, एका टोकाला हूक शिवलेला, दुसऱ्या टोकाला बोल्ट जाईल असा फासा. पहिल्यांदाच घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना मी हाच सांगतो. तो हाताला टोचत नाही. ओला झाल्याने अशक्त होत नाही. ताणाखाली फारसा लांबत नाही. बसवायला दोन पाने (स्पॅनर) पुरतात. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे तो आजारी पडला की तोंडावर दिसतं: कड उसवते, शिवण सुटते, रंग उडतो. वायर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग करते.

त्याचे दोषही सांगतो. ड्रम आतून दोन इंचांपेक्षा थोडा तरी रुंद हवा, नाहीतर पट्टा कडांना घासून दोन्ही बाजूंनी कुरतडला जातो. बोट तिरकी ओढली तर पट्टा एका बाजूला चढून दुमडतो. पाणी धरून ठेवतो, त्यामुळे नोव्हेंबरात सकाळी सरोवरावर गेलात तर तो फळीसारखा कडक झालेला सापडेल. आणि ड्रमवर तो जागा फार खातो. हा शेवटचा दोष वाटतो त्याहून मोठा आहे, त्याच्याकडे पुन्हा येतो. घेताना लेबलावर पॉलिएस्टर असं स्पष्ट लिहिलंय ना, ते वाचा. स्वस्तातले पट्टे पॉलिप्रॉपिलीनचे निघतात.

तिसरा, ज्याला सगळे डायनीमा म्हणतात तो कृत्रिम दोर. डायनीमा हे एका कंपनीच्या धाग्याचं नाव, स्पेक्ट्रा हे दुसरीच्या. दोन्ही मुळात अतिशय ताणून बनवलेलं पॉलिथिलीन. पाण्यापेक्षा हलका म्हणून तरंगतो. चांगल्या प्रतीचा ३/१६ इंची दोर त्याच जाडीच्या वायरपेक्षा जास्त भार घेतो आणि वजनाला तिच्या पासंगालाही पुरत नाही. ताणाखाली जवळजवळ लांबत नाही, म्हणून तुटला तरी वायरसारखा अंगावर येत नाही, पण म्हणून ओढीच्या रेषेत उभं राहायची मुभा मिळत नाही.

त्याचा मुख्य त्रास गाठीचा. धागा इतका गुळगुळीत असतो की साधी गाठ ताणाखाली सरकते, आणि धरून राहिली तरी दोराची निम्मी ताकद त्या गाठीतच जाते. त्याला गाठ मारत नाहीत, स्प्लाइस करतात: दोराचं टोक दोराच्याच पोकळ पोटात परत घुसवून फासा तयार करायचा. आत किती लांब घुसवायचं याचं प्रमाण जाडीच्या ७२ पट. सहा मिलिमीटरच्या दोरात साधारण ४३ सेंटिमीटर. येत नसेल तर दोर फासा आणि हूक तयार असलेलाच घ्या. आणखी एक गोष्ट: ज्या ड्रमवर वर्षानुवर्षं वायर होती त्यावर हा दोर तसाच गुंडाळू नका. वायरने ड्रमच्या कडांवर चरे पाडलेले असतात, गंजाची खरखर असते. आधी कानसीने आणि पॉलिशपेपरने ड्रम बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासा. माझ्या मित्राचा दोर याच आळसापायी पहिल्या मोसमातच मांजरासारखा केसाळ झाला.

किंमत पट्ट्याच्या काही पट. ती कुणी मोजावी? ज्याचा ड्रम अरुंद आहे, ज्याची बोट जड आहे, ज्याला लांब दोर लागतो, किंवा ज्याच्याकडे विजेवर चालणारा विंच आहे त्याने.

लांबी: कमी तितकी चांगली

सगळे इथेच चुकतात, आणि चुकतात ते उदारपणाने. पंधरा फुटी पट्टा आणि पंचवीस फुटी पट्टा यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, म्हणून पंचवीस फुटी उचलला जातो. असू दे, कधी लागला तर.

ड्रमवर काय होतं ते बघा. माझ्या ड्रमचा गाभा दोन सेंटिमीटर त्रिज्येचा. त्यावर दोन मिलिमीटर जाडीचा सहा मीटर, म्हणजे साधारण वीस फूट पट्टा थरावर थर गुंडाळला की त्रिज्या जवळजवळ साडेसहा सेंटिमीटर होते. त्रिज्या सव्वातीन पट झाली, म्हणजे तेवढ्याच ओढीला हँडलवर सव्वातीन पट जोर लागणार. आणि ड्रम सर्वांत भरलेला असतो केव्हा? बोट अगदी वर आलेली असते, शेवटचा हातभर ओढायचं राहिलेलं असतं, तेव्हा. म्हणजे ऐन अडचणीच्या जागी विंच सगळ्यात दुबळा. विंचवर छापलेली क्षमता बहुतेकदा रिकाम्या ड्रमची, पहिल्या थराची असते, हे ध्यानात असू द्या. गोल कृत्रिम दोराचे वेढे शेजारी शेजारी बसतात म्हणून त्याचे थर कमी पडतात. सहा मिलिमीटरचा दोर साठेक मिलिमीटर रुंद ड्रमवर तेवढ्याच लांबीचा गुंडाळला तर जोर पावणेदोन पटीच्या आसपासच वाढतो. जड बोटवाले दोराकडे वळतात त्याचं अर्धं कारण हे आहे.

लांबी काढायची रीत सोपी आहे. बोट पाण्यात असताना, किंवा ट्रेलर रिकामा असताना, विंचपासून मागे सुतळी सोडा: बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ट्रेलरवर पहिल्यांदा टेकते तेव्हा हूक जिथपर्यंत पोचायला हवा तिथपर्यंत. त्यात ड्रमवर नेहमी शिल्लक राहणाऱ्या तीन वेढ्यांचे दीड फूट घाला. वर एखादा फूट. बास. ट्रेलर पाण्यात खोल घालून बोट निम्मीअधिक तरंगत आत आणत असाल तर दहा-बारा फुटांतही भागतं. बोट रोलरवर पार मागून ओढत असाल तर सतरा फुटी बोटीला पंधरा ते अठरा फूट. ड्रमवर तीन वेढे राहू देणं मात्र सक्तीचं. शेवटच्या टोकाचा बोल्ट किंवा पकड दोर जागेवर धरायला असते, ओढ खरी पेलतात ते वेढे. वायर असेल तर चार-पाच ठेवा.

हूक आणि कडी

पट्टा चार टन पेलतो, हूक एक टन, आणि नाळेवरची कडी गंजक्या नटावर लोंबकळतेय, तर तुमच्याकडे चार टनांचं काहीही नाही. हुकावर भार कोरलेला असतो तो वाचा. हुकाला स्प्रिंगची जीभ हवी आणि कडीत अडकवल्यावर ती पूर्ण मिटायला हवी. अर्धवट उघडी राहत असेल तर हूक लहान किंवा कडी जाड आहे. बोटीच्या आत हात घालून कडीचे नट आणि त्यामागची पत्र्याची पट्टी चाचपून बघा. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी, न्यू जर्सी असो की मेलबर्न, हूक आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत. आम्ही गोड्या पाण्यातले, पण इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये ट्रेलर बाहेर काढणाऱ्यांनाही खाऱ्या पाण्याचेच नियम.

बसवणं

काम घरी, सपाट जमिनीवर. ट्रेलरच्या चाकांना ओंडके लावा, बोट साखळीने ट्रेलरला बांधा, मगच जुना दोर सैल करा. ताणाखाली असलेला दोर सोडायला गेलात तर हँडल पंख्यासारखं गरगरतं आणि मनगट मोडतं.

पट्ट्याचा फासा ड्रमच्या आत धरून बोल्ट आरपार घालायचा. बोल्ट विंचसोबत आलेला किंवा त्याच मापाचा आणि प्रतीचा. हाताशी सापडला तो नको. नट नायलॉनचं कडं असलेला लॉकनट. आवळताना ड्रमच्या बाजू आत दबतील इतका आवळू नका, नाहीतर ड्रम अडेल.

मग गुंडाळायची दिशा. विंचला एक खटका असतो, तो खाली टाकला की ड्रम उलटा फिरत नाही. मी घरी खटका उचलून ठेवून मजेत पट्टा गुंडाळला. ड्रम कुठल्याही बाजूला फिरवला तरी पट्टा गुंडाळला जातोच, त्यामुळे उलटा गुंडाळलाय हे कळायला मार्ग नव्हता. रॅम्पवर बोट पाण्यात, मागे चार ट्रेलर रांगेत, मी खटका टाकून हँडल फिरवू लागलो तर पट्टा आत यायच्या ऐवजी बाहेर येऊ लागला. मागच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून अत्यंत सभ्य शब्दांत मला बाजूला व्हायला सांगितलं. तुम्ही घरीच पाहा: खटका खाली टाका, हँडल फिरवा, टकटक आवाज येत पट्टा आत यायला हवा. मग हँडल सोडून पट्टा हाताने जोरात बाहेर ओढा, तो हलता कामा नये. हललाच तर सगळा सोडून उलट बाजूने गुंडाळा. पट्टा ड्रमच्या वरून सुटावा की खालून, हे विंचच्या कागदात चित्र काढून दिलेलं असतं.

गुंडाळताना ताण ठेवा. शेवटचे तीन वेढे सोडून सगळा पट्टा बाहेर काढा, दुसऱ्या टोकाला कुणालातरी हातमोजे घालून मागे रेलून उभं करा आणि सावकाश आत घ्या. सैल गुंडाळलेल्या थरांमध्ये पहिल्याच जड ओढीला वरचा वेढा खालच्यात घुसतो आणि तिथेच रुतून बसतो. दोराच्या बाबतीत तर हे हमखास.

खांबाची उंचीही एकदा बघून घ्या. बोट पूर्ण वर आल्यावर नाळेवरची कडी रबरी टेकूच्या जरा खाली यावी आणि पट्टा विंचपासून कडीपर्यंत साधारण सरळ जावा. तो खाली खेचत असेल तर नाळ टेकूवर दाबली जाते, वर खेचत असेल तर ट्रेलरवरून उचलली जाते. खांबाचे बोल्ट सैल करून विंच वरखाली सरकवता येतो.

रॅम्पवर

ओढताना पट्ट्याच्या रेषेत उभं राहू नका. हँडलच्या बाजूला, खांबाला धरून उभे राहा, आणि मुलांना गाडीच्या पुढे पाठवा. हँडल जड लागलं तर दुसऱ्या माणसाला बोलवू नका, थांबा. ट्रेलर आणखी हातभर मागे पाण्यात घेतला की निम्म्या वेळा अडचण सुटते.

बोट उतरवताना ट्रेलर कोरड्या जमिनीवर असेपर्यंत पट्ट्याचा हूक काढू नका. रोलरच्या ट्रेलरवरून बोट आपल्या वजनाने घसरते, आणि मग ती सिमेंटवर पडते. चाकं पाण्याला लागेपर्यंत हूक आणि साखळी दोन्ही अडकलेली राहू द्या.

साखळी म्हणजे विंचचा पट्टा नव्हे, हेही सांगायला हवं. गाडी हमरस्त्यावर असताना बोट धरून ठेवायचं काम विंचच्या पट्ट्याचं नाही. नाळेच्या कडीपासून ट्रेलरच्या सांगाड्याला एक स्वतंत्र साखळी आणि बोटीच्या मागच्या बाजूला दोन आवळपट्टे हवेतच. विंचचा खटका म्हणजे स्प्रिंगवरचा एक इवलासा दात. सत्तर मैलांच्या वेगाने खड्ड्यातून जाताना मी त्याच्यावर माझी बोट सोपवणार नाही.

निगा

घरी आल्यावर पट्टा पूर्ण बाहेर काढून पाण्याने धुवा आणि सुकवून परत गुंडाळा. हे पट्ट्यासाठी जितकं, तितकंच सरोवरासाठी. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते आमच्याच लेक सेंट क्लेअरमध्ये, १९८८ साली, आणि तिथून ते कुठल्या कुठे पसरले. मिशिगनमध्ये मार्च २०१९ पासून बोट रस्त्यावर आणण्याआधी तिच्यावरचं आणि ट्रेलरवरचं शेवाळ, वनस्पती काढणं आणि बुचं उघडून पाणी काढून टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. लोक बोट पुसतात, ट्रेलर पुसतात, आणि ओला पट्टा शेवाळासकट तसाच गुंडाळून ठेवतात.

उन्हापासून विंचला टोपी घाला. तयार मिळते, जुन्या ताडपत्रीची शिवली तरी चालते. हिवाळ्यात पट्टा काढून घरात ठेवा, कारण गॅरेजमधल्या उंदरांना पॉलिएस्टरची घरटी फार आवडतात.

मोसमाच्या सुरुवातीला एकदा सगळा पट्टा बोटांतून सरकवत तपासा. कडेला कापल्याची खूण, हुकाजवळची सुटलेली शिवण, बोल्टापाशी गंजाचा डाग, उन्हाने पांढरट कडक झालेला भाग: यातलं काहीही दिसलं की बदला. फक्त बाहेरचे पाच-सहा फूट बघून भागत नाही, बोल्टाभोवतीचा फासा आतल्या आत कुजतो आणि तो कधीच नजरेस पडत नाही. घरच्या शिलाई मशीनवर शिवण दुरुस्त करायला जाऊ नका आणि तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून काम चालवू नका. कृत्रिम दोराचं हुकाकडचं टोक झिजलं असेल आणि बाकी दोर चांगला असेल तर टोकं अदलाबदल करून, नव्याने स्प्लाइस करून आणखी एक-दोन मोसम निघतात. पट्ट्याला ती सोय नाही.

जुना पट्टा टाकताना मधोमध कापून टाका. रॅम्पजवळच्या कचऱ्याच्या डब्यावर हुकासकट ठेवलेला पट्टा "अजून चांगला आहे की" म्हणून कुणीतरी उचलतोच. माझ्या गाडीच्या डिकीत तसा एक अजून पडलेला आहे, उचलणारा मीच होतो.